संवयींचें शास्त्र आणि आमचें घर

नवी विद्या घरांत शिरूं लागली म्हणजे तिला उंबऱ्यावर अडवून तिचें गोत्र विचारण्याची आपल्या घरांची जुनी पद्धति आहे. वैद्यकी, वकिली, स्थापत्य यांस आतां कोणी अडवीत नाहीं. त्यांचें गोत्र सर्वांस ठाऊक झालें आहे, आणि त्यांच्या प्राप्तीचा अदमास प्रत्येक आत्याबाईंस तोंडपाठ असतो. परंतु जिचें नांवच मराठींत एका दमांत सांगतां येत नाहीं अशी विद्या दारांत उभी राहिली, कीं वडील मंडळी चष्मा पुसूं लागतात. दोन वर्षांपूर्वीं आमच्या पुण्याच्या घरीं असेंच झालें. आमच्या वडील बंधूंची, म्हणजे दादांची, कन्या वयानें सत्तावीस वर्षांची, यंत्रशास्त्राची पदवीधर आणि चांगल्या पगारावर असलेली. तिनें जाहीर केलें कीं तिला पुढें शिकावयाचें आहे, व विषय ‘सस्टेनेबिलिटी अँड बिहेवियर चेंज’ हा आहे.

या नांवाचा अर्थ लावण्यांत आमच्या घराचे दोन दिवस गेले. ‘शाश्वतता’ म्हणावें तर तो शब्द थेट वेदान्ताच्या वाटेस लागतो. ‘टिकाऊपणा’ म्हणावें तर बोहारणीकडून घेतलेल्या पातेल्याची आठवण होते. आणि ‘वर्तनपरिवर्तन’ हें तर सुधारगृहांतील अधिकाऱ्याचें काम वाटतें. शेवटीं पुतणीनेंच तो गुंता सोडविला. ती म्हणाली, "काका, एखादी गोष्ट बरी आहे हें माणसांना पटलेलं असतं, तरी तीं ती करीत कां नाहींत, एवढंच शिकायचं आहे." दादा वर्तमानपत्रांतून डोकें वर न काढतां म्हणाले, "तें मी तुला फुकट सांगतों. आळस."

दादांचा विरोध केवळ हट्टाचा होता असें आम्ही म्हणणार नाहीं. मुलीनें मिळवतें झाल्यावर पुन्हां फी भरावी, आणि ती भरून हातीं येणाऱ्या पदवीस बाजारांत काय भाव आहे हें कोणास सांगतां येऊं नये, ही गोष्ट पित्यास अस्वस्थ करणारीच आहे. विवाहमंडळाच्या अर्जांत ‘शिक्षण’ या रकान्यापुढें काय लिहावयाचें, ही वहिनींची काळजी होती. ती त्यांनीं बोलून दाखविली नाहीं, तरी आम्हां सर्वांस कळली होती. पण खरा आक्षेप निराळाच होता, आणि तो वहिनींनीं स्पष्ट बोलून दाखविला. त्या म्हणाल्या, "वाया घालवूं नका, जपून वापरा, हें आमच्या सासूबाई चुलीपुढं बसून शिकवीत होत्या. त्याला विलायतची पदवी कशाला हवी?" हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या ओठांवर आला असेल. म्हणून त्याचें उत्तर आम्हांस जसें उलगडत गेलें, तसें तें येथें मांडीत आहोंत.

नॉर्वेच्या श्रीमती ग्रो हार्लेम ब्रुंटलांड यांच्या अध्यक्षतेखालीं संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या एका आयोगानें १९८७ सालीं आपला अहवाल प्रसिद्ध केला. आजच्यांनीं आपली गरज भागवावी, पण तसें करतांना उद्यां येणाऱ्यांच्या ताटांतलें ओढून घेऊं नये, असा त्याचा आशय होता. तेव्हांपासून हा शब्द जगभरच्या सरकारी कागदांत रूढ झाला. आरंभीं बहुतेकांचा भरंवसा यंत्रांवर होता: कमी वीज खाणारा दिवा, कमी तेल पिणारी मोटार. परंतु यंत्र सुधारलें म्हणजे वापर घटतोच असें नाहीं. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें १८६५ सालींच दाखवून दिलें होतें, कीं वाफेचें यंत्र कमी कोळशावर चालूं लागल्यानें इंग्लंडांतील कोळशाचा खप उतरला नाहीं, उलट वाढला. कारण स्वस्त झालेली शक्ति लोक अधिक ठिकाणीं वापरूं लागले. याचा पुरावा आमच्या दिवाणखान्याच्या छतांत आहे. जेथें पूर्वीं एक दिवा होता, तेथें ‘कमी विजेचे’ म्हणून नऊ दिवे बसविले आहेत, आणि ते सर्व एकाच बटणावर लागतात.

तेव्हां यंत्राबरोबर तें वापरणाऱ्या माणसाचाही अभ्यास व्हावयास हवा, हा विचार पुढें आला, व त्यांतून असे अभ्यासक्रम निघाले. पुतणीनें निवडलेला अभ्यासक्रम वेल्समध्यें मॅखन्लेथ गांवाजवळ असलेल्या ‘सेंटर फॉर ऑल्टरनेटिव्ह टेक्नॉलॉजी’ या संस्थेचा. १९७३ सालीं जेरार्ड मॉर्गन-ग्रेनव्हिल या गृहस्थांनीं पाटीच्या दगडाच्या एका ओसाड खाणींत ही संस्था वसविली. वारा, ऊन आणि पाणी यांपासून शक्ति कशी काढावी हें स्वतः करून पाहण्याची ती जागा. तेथें कड्यावर चढण्यासाठीं बसविलेली छोटी गाडीसुद्धां पाण्याच्या वजनावर चालविलेली होती: वरच्या डब्याच्या टांकींत पाणी भरलें कीं तो जड होऊन खालीं उतरे, आणि उतरतांना खालच्या डब्यास वर ओढून घेई. पुढें तेथें पदव्युत्तर शिक्षणाची शाखा निघाली. २०१० सालीं चोपलेल्या मातीच्या भिंतींचें एक गोल व्याख्यानगृह उभें राहिलें. २०२३ सालीं खर्च झेपेना म्हणून रोजच्या प्रेक्षकांस संस्थेचीं दारें बंद झालीं, परंतु शिक्षणाचें काम चालूच राहिलें. तेथें जाऊन राहून, किंवा दूर आपल्या घरीं बसून, अशा दोन्ही रीतींनीं शिकण्याची सोय संस्थेनें ठेविली आहे. पुतणीनें दुसरी रीत पत्करली व नोकरी सोडली नाहीं. त्यामुळें दादांचा अर्धा विरोध मावळला, आणि वेल्समधील ती खाण आमच्या माजघरांत आली.

या अभ्यासांतील जी पहिली गोष्ट आमच्या पंक्तींत आली ती सांगतांना थोडा संकोच वाटतो, कारण ती मांसाची आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळीं अमेरिकेंत मांसाचा तुटवडा पडूं लागला. जनावराचें हृदय, मूत्रपिंड असे भाग पौष्टिक असूनही तेथील गृहिणी ते शिजवीत नसत. त्यांचें मन कसें वळवावें, हें पाहण्याचें काम कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञानें केलें. गृहिणींच्या कांहीं गटांस त्यानें उत्तम व्याख्यानें देवविलीं. त्यांत राष्ट्रकार्य होतें, जीवनसत्त्वें होतीं, पाककृतीही होत्या. दुसऱ्या कांहीं गटांत व्याख्यान नव्हतें. आपल्यासारख्या घरांत हें शिजविण्यास अडचण कोणती, वास कसा घालवावा, यजमानांनीं नाक मुरडलें तर काय करावें, याची चर्चा त्या गृहिणींनींच आपसांत केली, व शेवटीं कोण करून पाहणार हें हात वर करून ठरविलें. पुढें चौकशी केली तेव्हां व्याख्यान ऐकणाऱ्यांपैकीं शेंकडा ३ जणींनीं तो पदार्थ घरीं केल्याचें आढळलें, आणि चर्चा करून ठरविणाऱ्यांपैकीं शेंकडा ३२ जणींनीं. हें १९४३ सालीं प्रसिद्ध झालें. पस्तीस वर्षें शिक्षकी केलेल्या आम्हांस शेंकडा तीन हा आंकडा गोड लागला नाहीं. आमच्या सौभाग्यवतींस मात्र तो फार आवडला, व त्या आठवड्यांत त्यांनीं तो दोनदां ऐकविला.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियांतील सॅन मार्कोस गांवची. तेथें सुमारें २९० घरांच्या दारांवर चिठ्ठ्या लावण्यांत आल्या: तुमच्या घरीं वीज किती लागते, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची सरासरी किती. ज्यांचा वापर सरासरीहून अधिक होता त्यांनीं तो कमी केला. परंतु मौज अशी, कीं ज्यांचा वापर मुळांतच कमी होता ते आपला हात मोकळा सोडूं लागले! मग कमी वापरणाऱ्यांच्या चिठ्ठीवर आंकड्याशेजारीं एक हंसरा चेहरा काढण्यांत आला. तेवढ्या शाबासकीनें ते आपल्या जागीं टिकले. हा प्रयोग २००७ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच मंडळींनीं पुढच्या वर्षीं आणखी एक गोष्ट दाखविली. तुम्ही वीज कां वांचवितां, असें विचारलें असतां लोक पृथ्वीचें नांव घेत, समाजाचें घेत, पैशाचेंही घेत. शेजारी काय करतात याचें नांव सर्वांत शेवटीं घेत. वस्तुतः सर्वांत अधिक परिणाम शेजाऱ्यांचाच होत होता. मनुष्य ज्या दोरीनें ओढला जातो ती त्याची त्यालाच दिसत नाहीं.

यावर दादांनीं आपली योजना मांडली. ज्याच्या खोलींतला पंखा उगीच फिरतांना दिसेल त्यानें दहा रुपये डब्यांत टाकावे. महिन्याच्या शेवटीं त्या पैशांचें श्रीखंड आणावें. मुलें खूष झालीं. पुतणीनें तेव्हां हैफा शहरांतील दहा बालकमंदिरांची हकीकत सांगितली. आईबाप मुलांस न्यावयास उशिरां येत व शिक्षिका ताटकळत बसत. म्हणून त्यांपैकीं कांहीं बालकमंदिरांत उशिराबद्दल दंड बसविण्यांत आला. परिणाम असा झाला, कीं उशिरां येणारांची संख्या घटण्याऐवजीं सुमारें दुप्पट झाली. पूर्वीं शिक्षिकेची भीड वाटत असे. आतां तिच्या वेळेची किंमत भरलेली होती. दंड पुढें रद्द केला, तरी मोडलेली भीड परत आली नाहीं. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोघांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेली ही पाहणी ऐकून दादा म्हणाले, "म्हणजे पैशाचा धाक कधींच चालत नाहीं कीं काय?" तसें नव्हे. वेल्समध्येंच २०११ च्या ऑक्टोबरांत दुकानांतून मिळणाऱ्या पिशवीस पांच पेनी आकार बसला, आणि पिशव्यांचा खप झपाट्यानें उतरला. तेथें कोणाची भीड मोडलेली नव्हती; न मागतां हातांत येणारी वस्तु आतां मागावी लागूं लागली, एवढाच खळ पडला, आणि तेवढ्यानें घरची पिशवी आठवूं लागली. तात्पर्य, एकच औषध एका ठिकाणीं गुण देतें आणि दुसऱ्या ठिकाणीं रोग वाढवितें. तें कोठें द्यावें हें ओळखण्यासाठींच शिकावें लागतें. डब्याचा बेत त्या दिवसापुरता रहित झाला. श्रीखंड मात्र आणावें लागलें.

आतां वहिनींच्या मूळ आक्षेपाकडे वळूं. हें सारें आपल्या आजी-पणजींस ठाऊक होतें, हें म्हणणें ऐकावयास गोड लागतें, आणि त्यांत तथ्यही आहे. आमच्या आईचा संसार प्रथम वाईस झाला. परसांत विहीर, तिच्यावर रहाट. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडी विरली कीं तिचें पोतेरें होई. शिळ्या पोळीचा कुस्करा, नारळाच्या करवंटीचा डाव, भांड्यांस चुलींतील राख. घरांतून बाहेर टाकावें असें फारसें कांहीं उरतच नसे. परंतु पुतणीनें एके संध्याकाळीं आम्हांस विचारलें, "काका, आजी पुण्याला आल्यावर भांडीं कशी घाशीत असे?" आम्हांस आठवलें तें आम्हीं सांगितलें. वाईस घागरभर पाण्यांत पंक्तीचीं भांडीं आटोपणारी आमची आई पुण्याच्या बिऱ्हाडीं नळ मोकळा सोडून भांडीं घाशीत असे, आणि तो बंद करण्याचें तिच्या ध्यानींही येत नसे. बाई तीच, श्रद्धा तीच, संस्कारही तेच. बदलला होता तो फक्त रहाट. वाईस प्रत्येक पोहऱ्याचा हिशेब तिच्या खांद्यास ठाऊक होता. पुण्यांत तो हिशेब ठेवणारें कोणीच उरलें नव्हतें.

यावरून आमच्या लक्षांत असें आलें, कीं आपण ज्यास संस्कार म्हणतों तो निम्मा मनांत असतो आणि निम्मा विहिरींत, चुलींत, फडताळांत असतो. विहीर बुजवून आपण मनांतला निम्मा भाग जपूं पाहतों, व तो सुकत चालला म्हणून नव्या पिढीस बोल लावतों. आणखी एक गोष्ट आपण विसरतों. धान्याचा कण न सांडणाऱ्या त्याच घरांत सोंवळ्या-ओंवळ्यापायीं पाण्याचे हंडेच्या हंडे ओतले जात. ते भरून आणणारे हात बायकांचे असत, आणि त्या व्यवस्थेबद्दल त्यांचें मत कोणी घेतलें नव्हतें. जुन्या काटकसरीची आरती ओवाळतांना तिचा भार कोणाच्या पाठीवर होता, हें पाहिल्यावांचून तो हिशेब पुरा होत नाहीं.

हाच मुद्दा पुढें निराळ्या रूपानें आला. उन्हाळ्यांत आमच्या इमारतीस टँकरचें पाणी घ्यावें लागलें, तेव्हां वहिनींनीं भांडीं घासणाऱ्या मावशींस पाणी बेतानें वापरण्यास सांगावें असें ठरूं लागलें. पुतणीनें विचारलें, "मावशींच्या घरीं पाणी किती वेळ येतं, हें आपल्यापैकीं कोणाला ठाऊक आहे?" कोणासच ठाऊक नव्हतें. मावशींस विचारतां कळलें, कीं त्यांच्या वस्तींत सकाळीं तासभर पाणी येतें, व पांच माणसांचें सारें तेवढ्यांत भागवावें लागतें. पाणी कसें पुरवावें हें शिकविण्याचा अधिकार कोणाचा, याविषयीं मग फारशी चर्चा झाली नाहीं. ऑक्सफॅम या संस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें १९९० ते २०१५ या पंचवीस वर्षांत जगांत जो कार्बन वायु हवेंत सोडला गेला, त्यांतील शेंकडा ५२ भाग सर्वांत सधन अशा शेंकडा दहा लोकांच्या वांट्याचा होता, आणि गरीब असें अर्धें जग मिळून शेंकडा ७. वर्तन बदलण्याचा उपदेश मात्र बहुधा उलट्या दिशेनें वाहतो.

अशी व्यवस्था सर्वांनीं मिळून बसविल्याचें उदाहरण पाहावयास वेल्सला जाण्याचें कारण नाहीं. नगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव आमच्या बहुतेक वाचकांनीं ऐकलें असेल. १९९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर तेथें बांधबंदिस्तीचीं कामें झालीं. पण नुसत्या बांधांवर तें गांव तरलें नाहीं. यंदां पाऊस किती झाला, पिण्यास किती पाणी ठेवावयाचें, मग शेतीस किती उरतें आणि त्यांत कोणतें पीक बसतें, हा हिशेब गांव दरवर्षीं एकत्र बसून मांडूं लागलें. शेतीसाठीं खोल विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहींत, ऊस-केळीसारखीं तहानलेलीं पिकें लावावयाचीं नाहींत, हे निर्बंध गांवानें स्वतःस घालून घेतले. पाण्याच्या मोलाविषयीं व्याख्यानें कोठल्या गांवानें ऐकलीं नाहींत? परंतु आंकडा सर्वांपुढें, आणि निर्णय सर्वांच्या तोंडून, हें फार थोड्या ठिकाणीं घडलें.

येथवर हें सारें आम्हांस पटत होतें, कारण तें दुसऱ्यांविषयीं होतें. खरी कसोटी गेल्या वर्षीं आली. आमची इमारत जुनी झाल्यामुळें ती पाडून नवी बांधण्याचें ठरलें, आणि आम्हीं आमच्या जागेबद्दल एक विस्तीर्ण बिऱ्हाड घ्यावें कीं दोन लहान घ्यावीं, असा प्रश्न उभा राहिला. आम्ही घरांत अकरा माणसें. दादांच्या मुलानें व सूनबाईंनीं दोन बिऱ्हाडें घ्यावीं व आपली चूल निराळी असावी, असें हळूच सुचविलें. एकत्र कुटुंबांत या वाक्यानें काय होतें हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. वहिनी चार दिवस बोलल्या नाहींत. दादा कमी जेवूं लागले.

पांचव्या दिवशीं दादांच्या हातीं एक शस्त्र लागलें, आणि तें मुलीच्याच टेबलावर. २००३ सालीं ‘नेचर’ या विख्यात नियतकालिकांत जिआन्गुओ लिऊ आणि त्यांचे सहकारी यांनीं असें मांडलें होतें, कीं जगांत माणसांपेक्षां घरांची संख्या अधिक वेगानें वाढत आहे. घर लहान झालें कीं दर माणशीं जागा, इंधन व सामान अधिक लागतें, आणि त्याचा ताण सृष्टीवर पडतो. दादांनीं रात्रीच्या जेवणांत तें सर्वांस वाचून दाखविलें. दोन चुली, दोन शीतपेट्या, दोन धुलाईयंत्रें! विभक्त होणें हें आतां केवळ कुटुंबाविरुद्ध नव्हे, तर पृथ्वीविरुद्धही ठरलें. ज्या विद्येस त्यांनीं उंबऱ्यावर अडविलें होतें, तिला त्यांनीं आतां आपलें वकीलपत्र दिलें.

वकील मात्र त्यांच्या बाजूनें उभा राहिला नाहीं. पुतणी म्हणाली, "बाबा, एका चुलीवर अकरा जणांचा स्वयंपाक स्वस्त पडतो, हें अगदीं खरं. पण ती चूल सकाळीं साडेपांचला पेटवतं कोण?" सर्वांनीं सूनबाईंकडे पाहिलें. त्या डबे भरून, मुलास शाळेंत सोडून, नऊ वाजतां कचेरींत जातात. आणि हें सारें सात वर्षें चाललें आहे, हें त्या क्षणापर्यंत कोणीं मोजलें नव्हतें. पुतणी पुढें म्हणाली, "वहिनीच्या झोंपेवर जी बचत उभी आहे ती टिकायची नाहीं. आणि टिकली तरी तिला माझ्या विषयांत टिकाऊ म्हणत नाहींत."

त्यानंतरच्या रविवारीं लेविनच्या रीतीनें सर्वजण बसलों. व्याख्यान कोणीं द्यावयाचें नाहीं. प्रत्येकानें आपली अडचण सांगावयाची. वयानें मोठ्यांनीं शेवटीं बोलावयाचें. बारा वर्षांचा नातू प्रथम बोलला: त्यास रात्रीचें जेवण सर्वांबरोबर हवें होतें, कारण तेव्हां गोष्टी निघतात. सूनबाईंनीं सांगितलें, कीं माणसें त्यांस नकोशीं झालेलीं नाहींत. सकाळ नकोशी झाली आहे. वहिनींची पाळी आली तेव्हां त्या बराच वेळ पदराशीं चाळा करीत राहिल्या. मग म्हणाल्या, "मलाही वाटायचं. लग्न होऊन आलें तेव्हां आपलं एक लहानसं स्वयंपाकघर असावं, असं मलाही वाटायचं. मला कोणी विचारलं नाहीं, म्हणून मीही कोणाला विचारलं नाहीं." दादांनीं चाळीस वर्षांच्या संसारांत हें प्रथमच ऐकलें. ते कांहीं बोलले नाहींत. उठून त्यांनीं सर्वांसाठीं पाणी आणलें.

ठरलें तें असें. एकाच मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडें घ्यावयाचीं. सकाळची चूल ज्याची त्याची. रात्रीची पंक्ति एकत्र, आणि तिचा स्वयंपाक पाळीनें, त्यांत पुरुषांच्याही पाळ्या. धुलाईयंत्र एकच, पाण्याचें शुद्धीकरणयंत्र एकच; त्यांतून वाया जाणारें पाणी लादी पुसण्यास घ्यावयाचें. दोन्ही घरांच्या विजेचे व गॅसचे आंकडे एकाच दिनदर्शिकेवर लिहावयाचे. इमारत पुरी होण्यास अवकाश आहे. तोंवर भाड्याच्या घरीं ही व्यवस्था सहा महिने चालू आहे. दादांच्या पाळीच्या दिवशीं पिठलें-भात असतो, आणि त्याविषयीं तक्रार करावयाची नाहीं असा ठराव झाला आहे. विजेचा आंकडा आरंभीं दोन महिने उतरला, एप्रिल-मेमध्यें पुन्हां चढला. पण आतां तो चढला हें सर्वांस दिसतें, व कां चढला हें बोललें जातें.

हिशेबाच्या दृष्टीनें यांत तोटा आहे, हें पुतणी लपवीत नाहीं. सकाळच्या दोन चुलींस एका चुलीहून गॅस अधिक लागतो, हें तिनें आपल्या निबंधांत आंकड्यांसह मांडलें आहे. त्याबरोबर तिनें हेंही लिहिलें आहे, कीं एक चूल हट्टानें राखली असती तर दोन वर्षांत दोन पूर्ण वेगळीं घरें झालीं असतीं, आणि मग एकत्र राहण्यासारखें कांहींच उरलें नसतें. तिचे परीक्षक यावर काय म्हणतील तें म्हणोत. आम्हांस तो युक्तिवाद मान्य आहे.

म्हणून ज्यांच्या घरीं एखादी मुलगी किंवा मुलगा अशा अपरिचित विषयाचें नांव घेऊन उभा असेल, त्यांस आमची एवढीच विनंती आहे, कीं हें आम्हांस ठाऊकच आहे असें म्हणून त्यास परत पाठवूं नये. जपून वापरावें, वांटून खावें, पुढच्यांसाठीं ठेवावें, हें आपल्या घरांस ठाऊक आहे खरें. पण तें आपल्या हातून कां सुटलें, तें कोणाच्या कष्टावर चाललें होतें, आणि पुन्हां बसवावयाचें तर कोणास विचारून बसवावें, हें ठाऊक नाहीं. आणि तेवढेंच तर तीं मुलें शिकावयास निघालीं आहेत. त्या पदवीस पगार किती, याचें उत्तर दादांस अजून मिळालेलें नाहीं. ते तो प्रश्न पूर्वीपेक्षां कमी वेळां विचारतात.